‘साफ’ म्हणणारा माणूस

माझ्या दाजींना फार्मवर सगळे ‘कानसाहेब’ म्हणायचे. हुद्द्यानं ते साधे शेडवरचे माणूस, पण मालकापासून ट्रकच्या क्लीनरपर्यंत कुणाचीही त्यांच्या ‘साफ’ या एका शब्दाशिवाय एक कोंबडी गेटबाहेर न्यायची छाती नव्हती. ताईचा नवरा म्हणून त्यांची टिंगल करायचा मेहुणीचा हक्क मी पुरेपूर वसूल केलाय. पण ते शेडमध्ये ऐकायला उभे राहिले की मीही तोंड मिटून घ्यायची, आणि माझं तोंड मिटणं ही काही रोजची गोष्ट नाही.

आमचा फार्म तलंगांचा. म्हणजे एक दिवसाचं पिल्लू आणायचं, अंड्यावर यायच्या बेताला येईपर्यंत वाढवायचं आणि मग अंडीवाल्या फार्मना द्यायचं. अशी अजून अंडं न दिलेली कोंबडी म्हणजे तलंग. दिलेला पक्षी निरोगी निघाला तर आमची अब्रू, नाहीतर पुढच्या वेळी कुणी दारात उभं करत नाही. मानमोडीच्या रोगाचं एक बरं असतं. पक्षी मान वाकडी करून गोल फिरायला लागतो आणि आल्यागेल्यालाही कळतं की घात झालाय. आयबी मात्र पक्की चोरटी. डॉक्टर तिचं छातीच्या आजाराचं लांबलचक नाव घेतात, आम्ही आयबीच म्हणतो. पक्षी खातो, पितो, हिंडतो. फक्त मधूनच बारीकसं शिंकतो. तीच शिंक अंडी देणाऱ्या कोंबड्यांत पोचली की अंड्यांवर सुरकुत्या पडतात, कवच हाताला लागताच फुटतं, आतला पांढरा बलक पाण्यासारखा वाहतो. लहानपणी लागण झालेली काही पिल्लं तर मोठी होऊन तुरा मिरवत फिरतात आणि जन्मात अंडं देत नाहीत. दाणा मात्र रोज खातात.

हजारो पक्ष्यांच्या कलकलाटात ती शिंक ऐकू येणं म्हणजे भर बाजारात कुणी बोट मोडलेलं ऐकू येणं. त्यावर दाजींची युक्ती होती. ते पंखे क्षणभर बंद करायला लावायचे आणि एक लांब शीळ घालायचे. सगळी शेड एकदम चिडीचूप. कोंबड्यांना काय वाटतं देव जाणे, पण अनोळखी शीळ ऐकली की त्या माना ताठ करून थिजतात. ही शांतता एकदोन श्वास टिकते. जी शिंक दाबता येत नाही ती तेवढ्यात बाहेर पडते, ‘चिक्’ अशी. दाजी त्या दिशेला बोट दाखवायचे आणि डॉक्टर तिथलाच पक्षी उचलून घशातला नमुना घ्यायच्या. या युक्तीचा शोध कसा लागला तेही सांगते. तरुणपणी दाजी शेडमधला भुसा उलटापालटा करायचे आणि ताई शेजारच्या खोलीत दाणे भरायची. शीळ ताईसाठी होती. ताई काही गप्प झाली नाही, कोंबड्या झाल्या.

मी स्वतः लस देणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादम. एकीनं पक्षी धरायचा, दुसरीनं डोळ्यात थेंब टाकायचा, आणि पक्ष्यानं पापणी मिटून थेंब आत घेईपर्यंत सोडायचा नाही. लसीत निळा रंग असतो. संध्याकाळी मी कुठलाही पक्षी उचलून चोच उघडते, आणि जीभ निळी दिसली नाही तर त्या रांगेतल्या बाईची काही धडगत नसते. बायका मला खाष्ट म्हणतात. म्हणू देत. शेडमध्ये थोडे पक्षी जरी लसीवाचून सुटले, तरी विषाणूला तालमीला जागा मिळते.

हा तालमीचा शब्द आमच्या डॉक्टरबाईंचा. वयानं लहान, पण समजावून सांगायची हातोटी चांगली. पलीकडच्या दोन फार्मवर लस दिलेले पक्षीसुद्धा शिंकायला लागल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी सगळ्यांना दाण्याच्या गोदामात बसवलं. म्हणाल्या, ‘हा विषाणू स्वतःची नक्कल काढताना सारख्या चुका करतो. बहुतेक चुका त्यालाच नडतात. एखादी त्याच्या पथ्यावर पडते. दोन जातींचे विषाणू एकाच कोंबडीत भेटले तर आपसात तुकडेही बदलतात. मग आपल्या लसीनं जे रूप ओळखायला शिकवलेलं असतं, ते रूपच राहत नाही.’ नवी लस मागवली होती. ती जुन्या लसीच्या जोडीला दिली तर विषाणूच्या बरीचशी आड येते, असं त्या म्हणाल्या. पण आजार नेमका कोणता आहे हे पक्कं होईपर्यंत कडक नियम लागले. गेटवर आंघोळ, फार्मचेच कपडे, डोक्यावर टोपी, डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडावर मास्क. आम्ही सगळ्या एकमेकींना चालीवरून ओळखायला लागलो.

दाजींना ते मास्क भलते खटकले. ‘माणसं आहेत का पोती?’ म्हणून दिवसभर कुरकुरायचे. मला वाटलं, वय झालं, नवीन काही सोसत नाही. तसे ते वर्षभरात बदललेच होते. बोलणं कमी झालं होतं. काहीही सांगा, ‘हो ना, हो ना’ म्हणून मान डोलवायचे. मी ताईला म्हटलंही होतं, ‘तुझ्या नवऱ्याला शिष्टपणा चढलाय.’ ताई हसली नव्हती. आणि हल्ली ते ऐकायला एकटे कधी जात नसत. कुणाला तरी सोबत घेऊन समोर उभं करायचे. ‘साक्षीदार असलेला बरा,’ म्हणायचे.

दाजींना एकच मुलगी, माझी भाची. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं टेकडीपलीकडे अंड्यांचा फार्म काढला होता. एक जुनी शेड, तिथल्या कोंबड्या ऐन भरात अंडी देत होत्या. शेजारी नवी बांधलेली, होतं नव्हतं ते सगळं ओतून. नव्या शेडला पक्षी आमच्याकडूनच जायचे होते. दुसरीकडे स्वस्त मिळत असताना ती हट्टाला पेटली होती, ‘बाबा साफ म्हणतील तोच पक्षी माझ्या दारात येईल.’ पहिली गाडी गेल्या आठवड्यात दाजींच्या शब्दावर गेली. दुसरी आज भरायची होती.

भाची सकाळीच स्वतः ट्रकबरोबर आली. बाहेरच्या माणसाला आत सोडत नव्हते, म्हणून गेटवरच्या चुन्याच्या पट्ट्यापलीकडे उभी राहून तिनं मला हाक मारली. चेहरा नुसता फुलला होता. ‘मावशी, पहिल्या गाडीतल्या पोरी काय खातात गं! आजपर्यंत त्यांना वेगळा माणूस ठेवला होता. आजपासून एकाच माणसाला दोन्ही शेड बघायला सांगितलंय. दुपारचा दाणा तोच घालील.’ मी म्हटलं, ‘छान झालं,’ आणि मनात काही नव्हतंच, तेव्हा मनापासूनच म्हटलं.

‘चल धाकटे,’ दाजी म्हणाले. मी त्यांच्यामागून शेडमध्ये गेले. पक्षी धरायला सोपं जावं म्हणून दिवे अगदी मंद केले होते. पोरं क्रेट घेऊन दाराशी थांबली होती. पंखे थांबले. दाजींनी मला समोर उभं केलं आणि शीळ घातली.

शांतता पडली. आणि उजवीकडून आलं, ‘चिक्’. लगेच त्याच्यामागे आणखी एक. मग कुठूनतरी ओली, बारीक घरघर, हुक्क्यात पाणी हलावं तशी.  ती घरघर वीसेक पावलांवर होती, आणि इतकी स्वच्छ होती की दाराशी उभ्या पोरांनाही ऐकू गेली असती. मी दाजींकडं पाहिलं. ते कोंबड्यांकडं बघतच नव्हते. माझ्याकडं बघत होते.

‘साफ वाटतंय,’ ते म्हणाले. शेवटी उगाच सूर चढला होता, विचारल्यासारखा.

‘साफ कसलं? उजवीकडं दोघीतिघी शिंकल्या की!’

‘काय?’

‘शिंकल्या म्हणते!’

‘नीट बोल. ते तोंडावरचं काढ आधी.’

‘डॉक्टरमॅडमनी काढायचं नाही म्हणून सांगितलंय.’

‘काढ म्हणतो ना!’

इतक्या वर्षांत दाजींनी शेडमध्ये आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. कोंबड्या फडफडत भिंतीकडं पळाल्या, एकीवर एक चढल्या. माझंही डोकं फिरलं. त्यांच्या अगदी जवळ जाऊन मी ओरडले, ‘अहो, ऐकायला कान लागतात! माझं तोंड कशाला हवंय?’

 ते हातातली बॅटरी उगाच चालूबंद करत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘लागतं. वर्ष झालं. समोरच्याच्या तोंडाकडं बघूनच ऐकतोय मी.’

मला क्षणभर काही कळेना. मग एकदम सगळं कळलं. शिंक ऐकली की माणसाच्या भुवया आपोआप वर जातात, नजर त्या बाजूला वळते, ओठ आवळले जातात. दाजी ते वाचायचे. मग रुबाबात बोट दाखवून सांगायचे, ‘तिकडं, खांबापाशी,’ आणि आम्ही तोंडात बोटं घालायचो. जवळून बोललेलं त्यांना समजायचं, पण बारीक, टोकदार आवाज पंख्यांच्या घरघरीत आयुष्य काढून केव्हाच गेले होते. ताईला ठाऊक होतं. जेवताना ती त्यांच्या गुडघ्याला हात लावून मगच बोलायची, आणि आम्हाला ते या वयातलं प्रेम वाटायचं.

आता टोपी, चष्मा आणि मास्क यांत चेहऱ्याचा एवढासा तुकडाही उघडा राहिला नव्हता.

‘गेल्या आठवड्यात कुणाकडं बघितलंत?’ मी विचारलं.

‘सगळ्यांची तोंडं झाकलेली. आणि मी साफ म्हटल्यावर पुढं बोलतंय कोण?’

‘मग साफ कशावरून म्हणालात?’

‘शांत वाटलं.’

‘तुम्हाला सगळंच शांत वाटणार, दाजी.’ मी हे बोलले. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त दुपारचा दाणा घालणारा तो माणूस होता, नव्या शेडमधून जुन्या शेडमध्ये जाणारा, तेच बूट, तेच कपडे, तीच बादली.

दाजींनी माझी बाही धरली. ‘ऐक. आजची गाडी थांबवू. तू ऐकलंस ते मी ऐकलं म्हणतो. आजच सुरू झालं म्हणू. कुणाचं काय बिघडतंय?’

‘तुमच्या पोरीचं. गेल्या आठवड्यातले पक्षी साफ आहेत म्हणूनच ती आजपासून माणूस एक करतेय. दुपार व्हायच्या आत तिला कळायला हवं की ते साफ नव्हते.’

‘नव्हते कशावरून? असतीलही.’

‘असतीलही. एकाच शेडचे, एकाच हवेतले, आणि ऐकलं कुणीच नाही. तुम्ही लावाल पैज? तिच्या घरावर?’

 त्या मंद उजेडात त्यांचा चेहरा मला धड दिसत नव्हता. या माणसाजवळ मिरवायला दुसरं काहीच नव्हतं. शिक्षण नाही, हुद्दा नाही. मालक त्यांना नावानं नव्हे तर ‘कानसाहेब’ म्हणून हाक मारायचा, त्यावर ते जगत होते. मला त्यांची कीव आली आणि रागही तितकाच आला. 

‘मी सांगू का?’ मी विचारलं.

‘नको. मी सांगतो.’

शेडपासून गेटपर्यंतची ती वाट मला संपता संपेना. ते पुढं, मी मागं. काय सांगणार ते त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि माझा विश्वास नव्हता. खोटं बोलले तर मी तिथंच तोंड उघडायचं ठरवलं होतं, पण लेकीसमोर बापाला खोटं पाडायचं म्हणजे काय, ते चालताना जास्तच जाणवत होतं. गेटपाशी डॉक्टरबाई नुकत्याच आलेल्या नव्या लसीचा बर्फाचा डबा तपासत होत्या. ट्रकवाला चाकाला टेकून मालकाशी बोलत उभा होता. पक्षी धरणारी पोरं आमच्या मागून आली.

‘झालं बाबा? भरायचं?’ भाचीनं विचारलं. ती बाहेर होती, तिच्या तोंडावर मास्क नव्हता. दाजी तिच्या ओठांकडं बघत होते, ते आता मला कळत होतं.

‘नाही. आजारी आहेत. शिंकताहेत.’

डॉक्टरबाई ताडकन उभ्या राहिल्या. भाचीनं छातीवर हात ठेवला. ‘बाई गं! वाचलो. तुम्ही ऐकलंत म्हणून, नाहीतर मी आज घेऊन गेले असते. पहिल्या गाडीतल्या तरी साफ आल्या, नशीब.’

किती सोपं होतं. दाजींना एक शब्दही बोलायचा नव्हता. नुसती मान डोलवायची होती, वर्षभर डोलवली तशी. मी मुठी आवळून उभी होते.

‘मी नाही ऐकलं,’ दाजी म्हणाले. ‘मावशीनं ऐकलं. मला ऐकू येत नाही.’

‘म्हणजे?’

‘मला शिंक ऐकू येत नाही. वर्षभर येत नाही. गेल्या आठवड्यातल्या पक्ष्यांना मी न ऐकताच साफ म्हणालो. त्यांच्यातला माणूस जुन्या शेडमध्ये पाठवू नकोस. आत्ता फोन कर.’

भाचीचा चेहरा मी विसरणार नाही. फुललेला होता तो जणू हातानं पुसल्यासारखा कोरा झाला. तिनं तिथंच फोन लावला, नवऱ्याला म्हणाली, ‘दाणा थांबव. नव्या शेडचं दार लाव. आत असेल तो आतच राहू दे. का ते नंतर सांगते, आधी लाव.’ तिचा आवाज अगदी सपाट होता. तिकडून उत्तर येईपर्यंत आम्ही सगळे त्या फोनकडं बघत उभे होतो. ‘गेला नव्हता अजून,’ ती शेवटी म्हणाली, आणि चुन्याच्या पट्ट्यापलीकडे खाली बसली.

डॉक्टरबाईंनी दाजींना भलंबुरं काही म्हटलं नाही. नमुन्यांची पेटी उचलली आणि भाचीला एकेक सांगायला लागल्या. दोन शेडना दोन माणसं, दोघांचे बूट वेगळे, बादल्या वेगळ्या. जुन्या शेडला नवी लस आजच, पाण्यातून. टाकीतलं क्लोरीन लस मारून टाकतं, म्हणून आधी दुधाची पावडर ढवळायची. कोंबड्यांना थोडी तहान लागू द्यायची आणि मगच पाणी सोडायचं. मग दाजींकडं आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, ‘काका, तुम्ही दोघं आजारी शेडमधून आलाय. मी सांगेपर्यंत त्यांच्या फार्मवर पाय ठेवायचा नाही.’ मला ते मोठ्यानं दाजींना पुन्हा सांगावं लागलं.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. नमुने वाईट आले. आमच्या शेडमध्ये तोच नवा विषाणू होता, आणि भाचीच्या नव्या शेडमधले पक्षीही लवकरच शिंकायला लागले. ते मोठे होते म्हणून बहुतेक तगले, पण अंड्यावर उशिरा आले. जुन्या शेडमध्ये काही सुरकुतलेली अंडी निघाली, मग थांबली. लस वेळेत पोचली होती. आता आमच्याकडं गाडी भरायच्या आधी दर वेळी नमुने जातात, आणि ऐकायला तिघं जातात. दाजी माझ्या टोळीत पक्षी धरतात. धरतात मात्र सुरेख, पक्षी हातात हूं की चूं करत नाही.

पण मला सांगायचंय ते गेटवरचंच. रिकामे क्रेट परत बांधून ट्रक वळला. भाची ड्रायव्हरशेजारी बसली होती. दाजी चुन्याच्या पट्ट्याशी उभे होते, तिथून पुढं जायची सोय नव्हती. ती बराच वेळ समोर काचेतून बघत होती. गाडी हलताना तिनं मान न वळवताच काहीतरी म्हटलं. रडत होती की चिडली होती, मला सांगता येणार नाही. ट्रक निघून गेला.

‘काय म्हणाली?’ दाजींनी विचारलं.

मी ट्रकमागच्या धुळीकडं बघत राहिले.

‘काय म्हणाली ती? सांग की.’

मला काहीतरी गोड सांगता आलं असतं. पण नुकतंच खरं बोललेल्या माणसाला खोटं सांगायला माझी जीभ रेटेना. आणि त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडावंच लागलं, मालक, डॉक्टर, पोरं सगळ्यांसमोर.

‘म्हणाली, बहिरा बाप मला चालला असता!’

दाजींनी मान हलवली. या वेळी पूर्ण ऐकून हलवली.

‘खरंय तिचं,’ ते म्हणाले. ‘मलाच चालला नाही.’